दहा सह्या आणि एक फुटपाथ

(आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात ‘आपण आणि आपलं गाव’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीने मला या विषयावर बोलायला सांगितलं तेव्हा सोबत एक सूचनाही आली होती. “तू आयटीतला आहेस, एखादं अ‍ॅप वगैरे दाखव.” अ‍ॅपबद्दल बोलतो, पण पाचच मिनिटं. बाकीचा वेळ मी एका फुटपाथबद्दल बोलणार आहे. महाप्रसादाआधी संपवायची सक्त ताकीद आहे, त्यामुळे काळजी नसावी.

आपण सगळे मॅसॅच्युसेट्समध्ये वेगवेगळ्या गावांत राहतो. गाव निवडताना आपण काय काय बघतो? शाळेचं रेटिंग, ऑफिसचं अंतर, इंडियन ग्रोसरी किती लांब. सगळं एक्सेल शीटमध्ये मांडून मग घर घेतो. पण ते गाव चालवतं कोण, पैसा कुठून येतो, एखादी गोष्ट बदलायची तर कुणाकडे जायचं, हा कॉलम त्या शीटमध्ये नसतो. मला आज जे सांगायचंय ते एका वाक्यात सांगतो. तक्रार करणं आणि सहभागी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे आधीपासून आहे ते दुरुस्त व्हायला तक्रार पुरते. जे नाहीच आहे ते उभं करायचं असेल, तर निर्णय होण्याआधी जाऊन बसावं लागतं आणि निम्मं काम आपल्या अंगावर घ्यावं लागतं.

आधी अ‍ॅपचं सांगतो. इंग्लंडमध्ये २००७ साली ‘फिक्स माय स्ट्रीट’ सुरू झालं. नकाशावर खड्डा दाखवा, फोटो टाका, तक्रार आपोआप त्या त्या कौन्सिलकडे जाते. आपल्या शेजारच्या कनेक्टिकटमध्ये न्यू हेवनला २००८ साली ‘सी क्लिक फिक्स’ निघालं. बॉस्टन शहराने २००९ साली स्वतःचं ‘सिटिझन्स कनेक्ट’ आणलं. ही सगळी चांगली कामं आहेत. खड्डा पडला, दिवा गेला, कचऱ्याची गाडी आली नाही, तर जरूर वापरा.

पण आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं म्हणजे बग रिपोर्ट. तयार सिस्टिममध्ये बिघाड झाला, तिकीट काढलं, सपोर्ट टीमने दुरुस्त केलं, तिकीट बंद. आता विचार करा, क्लायंटला नवीन फीचर हवंय आणि तो सपोर्टला तिकीट टाकतोय. काय होईल? तिकीट बंद होईल आणि शेरा येईल : ‘हे कामाच्या व्याप्तीत नाही.’ सपोर्टवाल्याचं काही चुकलेलं नसतं. नवीन फीचर कधी ठरतं? बजेट व्हायच्या आधी, रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये. आपण त्या मीटिंगला नसलो तर आपली गरज कागदावरच येत नाही. गावाचंही अगदी असंच आहे.

आता ही ‘रिक्वायरमेंटची मीटिंग’ कुठे भरते ते बघू.

मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरं आणि गावं आहेत. त्यांतल्या बऱ्याच गावांचा कारभार ‘ओपन टाउन मीटिंग’ने चालतो. म्हणजे गावातल्या प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला त्या सभेत जाऊन बसता येतं, बोलता येतं आणि मत देता येतं. आमदार नाही, नगरसेवक नाही, तुम्ही स्वतः. गावाचं बजेट, शाळेचा खर्च, नवीन फायर ट्रक, जमिनीच्या वापराचे नियम, सगळं तिथे मंजूर होतं. तीनेकशे वर्षांहून जुनी पद्धत आहे ही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहेच. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान मिळालं आणि महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. फरक इतकाच, की आपल्यातले बहुतेक जण पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपूरहून आलेले. ग्रामसभा आपण वर्तमानपत्रात वाचली, बसलो कधी नाही. आणि शहरात अशी सभाच नाही. शहरात आपला संबंध नगरसेवकाशी, तोही पाणी गेलं की. पुण्यात तर २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार बघत होता. तेव्हा सभेत बसून आपलं म्हणणं मांडायची सवय आपल्याला नसली तर त्यात नवल नाही. पण ती लागू शकते.

टाउन मीटिंगला काय काय विषय येणार, त्याची जी यादी निघते तिला इथे ‘वॉरंट’ म्हणतात. पहिल्यांदा मेलबॉक्समध्ये ‘टाउन वॉरंट’ असं छापलेलं पाकीट बघून माझे वडील घाबरले होते. म्हणाले, “अरे, काय केलंस काय तू?” तर हे पोलिसांचं वॉरंट नव्हे, हे सभेचं आमंत्रण. त्यात एकेक विषय कलमाच्या रूपात असतो. जे वॉरंटवर नाही त्यावर सभेत निर्णय घेता येत नाही. म्हणून खरी गोष्ट आहे ती वॉरंटवर चढण्याची. आणि इथला कायदा फार सुंदर आहे : वार्षिक टाउन मीटिंगच्या वॉरंटवर कलम चढवायला नोंदणीकृत मतदारांच्या फक्त दहा सह्या लागतात. दहा! आपल्या भजनी मंडळातही याहून जास्त माणसं आहेत.

मग अडतं कुठे? पैशावर. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन टू अँड अ हाफ’ नावाचा कायदा मंजूर केला. आपण त्याला ‘अडीचकी’ म्हणू. समोरच्या काका-काकूंना शाळेतली अडीचकी अजून पाठ असेल. ही अडीचकी अशी, की गावाने प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम दर वर्षी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. नवीन बांधकामामुळे येणारा टॅक्स त्यात वेगळा धरतात. म्हणजे या वर्षी गाव चार कोटी डॉलर गोळा करू शकत असेल, तर पुढच्या वर्षी चार कोटी दहा लाख आणि वर नवीन बांधकामाचं जे काय येईल ते. त्याहून जास्त हवं असेल तर गावभर मतदान घेऊन ‘ओव्हरराइड’ मंजूर करून घ्यावा लागतो. आणि खर्च काही अडीच टक्क्यांचं ऐकत नाही. कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा, स्पेशल एज्युकेशन, डांबर, सगळं त्याच्या मर्जीने वाढतं. म्हणून गावात तुम्ही काहीही मागा, ते दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात असतं. तुमचा फुटपाथ हा कुणाची तरी अर्धी शिक्षिका असते. हे एकदा समजलं की मग टाउन हॉलमधल्या माणसाचा राग येत नाही.

आता फुटपाथची गोष्ट.

आमच्या घरापासून मुलीची प्राथमिक शाळा मैलभरही लांब नाही. राज्याचा कायदा असा, की सहावीपर्यंतच्या ज्या मुलांचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब आहे त्यांना बस फुकट द्यायची. त्याच्या आत राहणाऱ्यांना देण्याची सक्ती नाही. आमचं गाव त्यांच्याकडून बसची फी घेतं. म्हणजे आमच्या आळीतली मुलं कागदोपत्री ‘चालत जाणारी’. पण चालायचं कशावरून? मधल्या अर्ध्या मैलाच्या रस्त्याला फुटपाथच नव्हता. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला दगडी बांध आणि मधून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या. हिवाळ्यात बर्फाचे ढीग कडेला लागले की चालणारा माणूस थेट रस्त्यातच.

आणि मुलांपेक्षा जास्त कोण चालतं? आपले आई-बाबा. सहा महिन्यांसाठी येतात, गाडी चालवता येत नाही, सकाळ-संध्याकाळ फिरायला गेल्याशिवाय करमत नाही. डोक्याला माकडटोपी, पायात बूट, आणि रस्त्याच्या कडेने एकामागे एक चाललेत. हे दृश्य तुमच्याही गावात आहे. एका डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच अंधार झाला, आणि एका गाडीचा आरसा माझ्या बाबांच्या कोटाच्या बाहीला लागून गेला. लागलं काही नाही. पण त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही नीट.

मी गावाच्या तक्रार-पानावर लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘ही दुरुस्ती नसून नवीन बांधकामाची मागणी आहे, त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया आहे.’ तिकीट बंद. पण खाली एक ओळ होती, की माहिती हवी असल्यास सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंजिनिअरला भेटा. मी भेटलो. तो माणूस मला म्हणाला, फुटपाथची मागणी करणारी बरीच पत्रं त्याच्याकडे पडून आहेत आणि एकातही त्याला लागणारी माहिती नाही. मला तीन प्रश्नांची उत्तरं आणून दे. तिथून रोज किती माणसं चालतात? कडेची जागा कुणाची आहे? आणि फुटपाथ झाल्यावर त्यावरचा बर्फ कोण काढणार?

मंडळी, हे तीन प्रश्न मला आजवर क्लायंटकडून मिळालेल्या कित्येक स्पेसिफिकेशन्सपेक्षा चांगले वाटले. त्याच्या खात्यात माणसं मोजकी. मोजायला त्याच्याकडे वेळ नव्हता. आमच्याकडे होता.

मोजणी कुणी केली? आजी-आजोबांनी. आमच्या आळीत त्या वर्षी तीन घरांत भारतातून आई-बाबा आलेले होते. एक तेलुगू जोडपं, एक गुजराती आजी आणि माझे आई-बाबा. वसंत ऋतूतले दोन आठवडे, शाळा भरताना आणि सुटताना, घडीच्या खुर्च्या टाकून बसले. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मुलं वेगळी, मोठी माणसं वेगळी, सायकली वेगळ्या. बाबा आयुष्यभर बँकेत होते. त्यांनी रोजच्या बेरजा मारून खाली सही केली आणि तारीखही घातली. इंजिनिअरने ती वही बघितली आणि म्हणाला, कन्सल्टंट लावला असता तर याचे पैसे मोजावे लागले असते.

दुसरा प्रश्न जागेचा. टाउन हॉलमध्ये सगळे जमिनीचे नकाशे बघायला मिळतात, कुणालाही. त्यात दिसलं की बहुतेक जागा गावाच्याच हद्दीत आहे, फक्त दोन ठिकाणी अडचण. एका ठिकाणी पाणथळ जमीन. पाणथळ जागेच्या शंभर फुटांत काही बांधायचं तर गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनपुढे जावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी मेपलचं एक प्रचंड झाड. सार्वजनिक रस्त्यावरचं सावलीचं झाड तोडायचं तर इथे ट्री वॉर्डनला आधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. त्या झाडासमोर एक आजीबाई राहायच्या. चाळीस वर्षांहून जास्त त्याच घरात. त्या पहिल्या दिवसापासून विरोधात होत्या.

आपण अशा वेळी पटकन म्हणतो, “यांना बाहेरून आलेल्यांचं काही चांगलं बघवत नाही.” मी त्यांच्याकडे गेलो, दोनदा चहा प्यायलो. त्यांची भीती तीन गोष्टींची होती. झाड जाईल. अंगणाचा तुकडा जाईल. आणि ऐंशीच्या वयात बर्फ काढायची जबाबदारी अंगावर पडेल. यांतली कुठली भीती खोटी होती? एकही नाही. इंजिनिअरने नकाशा पुन्हा काढला. फुटपाथ झाडाच्या मागून वळवला, त्यासाठी आजीबाईंच्या अंगणातली चिंचोळी पट्टी लागत होती. त्यांनी ती वापरायची लेखी परवानगी दिली, एका अटीवर : बर्फ गावाने काढायचा. खात्याकडे फुटपाथचा बर्फ काढायचं लहान यंत्र होतं, पण फेरी वाढणार म्हणजे तास वाढणार. तेव्हा आमच्या आळीने लिहून दिलं, की रस्त्यावरच्या आगीच्या बंबाच्या तोट्या, म्हणजे हायड्रंट, आम्ही मोकळे ठेवू. तेवढा खात्याचा वेळ वाचेल. देवाणघेवाण झाली.

मग आल्या दहा सह्या. आणि इथे मी अडलो. कारण सही करायला मतदार हवा, मतदार व्हायला नागरिक हवा, आणि मी ग्रीन कार्डच्या रांगेत. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना ती रांग माहीत आहे. मी २०११ साली इथे आलो. घर घेतलं, टॅक्स भरतो, मुलगी इथलीच. पण सही चालत नाही. ज्या अर्जातला प्रत्येक आकडा मी टाइप केला त्यावर माझं नाव नाही. याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण दार वाजवायला सही लागत नाही. मी आणि बायको दार वाजवत फिरलो आणि एकतीस सह्या झाल्या. त्यांतल्या दोन आपल्या मंडळातल्या, ते दोघंही आज समोर बसलेत. आजीबाईंनी सही केली नाही. मीही आग्रह केला नाही.

पहिल्या वर्षी फायनान्स कमिटीने बांधकामाच्या पैशांना नकार दिला आणि फक्त डिझाइनचे पैसे द्यायची शिफारस केली. दुसऱ्या वर्षी बांधकामाचं कलम आलं. पैसे कर्जाने उभे करायचे होते आणि कर्जाला टाउन मीटिंगमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. शाळेच्या जिममध्ये सभा. मतदारांना दारात कार्ड मिळतं, आमच्यासारख्यांची जागा वेगळी, बाजूला. मॉडरेटरने सभेला विचारलं, की मतदार नसलेल्या एका रहिवाशाला बोलायचंय, हरकत आहे का? कुणी हरकत घेतली नाही. मला तीन मिनिटं मिळाली. मी मोजणीचे आकडे सांगितले, झाडाचा वळसा सांगितला आणि खाली बसलो. विरोधात दोन जण बोलले, आणि चांगलं बोलले. एकाचं म्हणणं, आधी शाळेचं छप्पर करा. हात वर झाले ते नजरेने कळेनात, म्हणून मॉडरेटरने मोजणी करायला लावली. दोन-तृतीयांशापेक्षा अकरा मतं जास्त पडली.

अर्जापासून फुटपाथ वापरात येईपर्यंत साडेतीन वर्षं गेली. अर्ज केला तेव्हा मुलगी दुसरीत होती. फुटपाथ झाला तेव्हा ती सहावीत, मिडल स्कूलमध्ये, आणि ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे ज्या मुलीसाठी हे सुरू केलं ती त्या फुटपाथवरून एकदाही शाळेत गेली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘माझ्या मुलासाठी’ एवढ्याच हिशोबाने यात उतरलात तर हिशोब बसणार नाही. दुसऱ्यांच्या मुलांसाठी उतरलात तर बसतो. आपल्या मुलीला ज्या शाळेची इमारत मिळाली, तीही कुणीतरी हात वर करूनच मंजूर केली होती.

आता थोडं बाहेर बघू. रहिवासी आणि सरकार यांनी कामाची वाटणी केली की काय होतं, याची मला आवडणारी उदाहरणं सांगतो.

हायड्रंटची युक्ती आमची नाही. बॉस्टनमध्ये २०११ साली ‘कोड फॉर अमेरिका’च्या मुलांनी ‘अ‍ॅडॉप्ट अ हायड्रंट’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर केलं. नकाशावर आपल्या घरासमोरचा हायड्रंट दत्तक घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि हिमवादळानंतर तो उकरून मोकळा करायचा. तेच सॉफ्टवेअर पुढे हवाईत होनोलुलूने घेतलं. तिथे बर्फ नाही, पण त्सुनामीचे भोंगे आहेत आणि त्यांच्या बॅटऱ्या चोरीला जात. लोक भोंगे दत्तक घेऊन तपासू लागले. आधीच्या अ‍ॅप्सपेक्षा यात फरक काय? यात माणूस तक्रार करत नाही, फावडं उचलतो.

आपल्याकडे पुण्यात २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. तिच्यामागे १९९३ सालापासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत होती. यात तीन बाजू आहेत : महापालिका, कचरा गोळा करणाऱ्या बायका आणि ओला-सुका वेगळा करणारं घर. तिसऱ्याने कंटाळा केला की दुसरीचे हात घाणीत जातात. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून आपापल्या भागातल्या कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घ्यायची पद्धतही सुरू केली. तुमचे आई-बाबा पुण्यात असतील तर त्यांना विचारा, क्षेत्रीय कार्यालयात तो अर्ज त्यांनी कधी भरलाय का.

आणि नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सरकारी योजना त्या काळी सगळ्याच दुष्काळी गावांना होत्या. हिवरे बाजारने त्याला जोड दिली ती ग्रामसभेची. गावात किती पाणी आहे याचा दर वर्षी ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पिकं ठरवायची. उसाला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी. बांध घालायला सरकारचा पैसा पुरतो, पण ऊस लावू नका हे सरकारने सांगून कुणी ऐकत नाही. ते शेजाऱ्याने सभेत सांगावं लागतं.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. सभेला येतात ती माणसं म्हणजे गाव नव्हे. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या तीन प्राध्यापकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या गावोगावच्या सुनावण्यांची इतिवृत्तं तपासून २०१९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की घरबांधणीच्या सुनावण्यांत बोलणारे बहुतेक वयस्कर, जुने, स्वतःचं घर असलेले असतात, आणि बहुतेक जण नवीन घरांच्या विरोधात बोलतात. भाड्याने राहणारा, रात्रपाळी करणारा, लहान मूल असलेली बाई, हे त्या खोलीत नसतात. तंत्रज्ञानानेही हे आपोआप सुटत नाही. बॉस्टनने २०१२ साली ‘स्ट्रीट बंप’ काढलं, गाडीत ठेवलेला फोन खड्ड्याचा धक्का स्वतःच नोंदवायचा. मग लक्षात आलं, ज्या वस्तीत स्मार्टफोन कमी तिथले खड्डेही कमी दिसणार! म्हणून शहराने ते आधी सगळीकडे फिरणाऱ्या आपल्याच रस्ते-निरीक्षकांकडे दिलं. सांगायचा मुद्दा, आपण खोलीत गेलो की जे खोलीत नाहीत त्यांचंही बोलायचं. आमच्या फुटपाथच्या टोकाला भाड्याच्या घरांची एक इमारत आहे. तिथली मुलं सगळ्यात जास्त चालतात, हे वहीतल्या रेघांनी सांगितलं. तिथून सभेला मात्र एकही जण आला नव्हता.

तर मंडळी, आता तुम्ही काय करायचं?

पहिलं, कॅलेंडर समजून घ्या. इथल्या गावांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. बजेट हिवाळ्यात शिजतं आणि टाउन मीटिंग साधारण वसंत ऋतूत होते. म्हणजे दिवाळीचा फराळ संपला की कामाला लागायचं. मे महिन्यात जाऊन आरडाओरडा करण्यात अर्थ नाही.

दुसरं, एका मीटिंगला जाऊन नुसतं बसा. प्लॅनिंग बोर्ड, स्कूल कमिटी, फायनान्स कमिटी, कुठलीही. सभेची सूचना शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून किमान ४८ तास आधी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि बसायला नागरिकत्व लागत नाही. २०२० च्या कोविडनंतर बऱ्याच सभा झूमवरही दिसतात. पोळ्या लाटता लाटता ऐकता येतं. जाहीर सुनावणी असेल तर बोलताही येतं, व्हिसा कुठलाही असो.

तिसरं, व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत देण्याचा किंवा मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा चुकूनही प्रयत्न करू नका. त्याने पुढचं सगळंच अडकू शकतं. पण मोजणी, नकाशे, भाषांतर, दारोदार फिरणं, यांतलं काहीही अडत नाही. काही गावांत नेमणुकीच्या समित्यांवर मतदार नसलेलाही रहिवासी चालतो, तर काही गावांत चालत नाही. टाउन क्लार्कला विचारा.

चौथं, आणि हे जे नागरिक झालेत त्यांच्यासाठी. तुमच्या हातात ते कार्ड आहे. शपथविधीचे फोटो सगळ्यांनी बघितले, लाइकही केले. आता एका संध्याकाळी त्या जिममधल्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसा. अकरा मतांनी एखादी गोष्ट होते किंवा राहते, हे मी बघितलंय. आपल्या या हॉलमध्ये आज अकरापेक्षा बरीच जास्त माणसं आहेत.

पुढच्या महिन्यापासून पहिल्या शनिवारी, मराठी शाळेच्या वेळात, पालक बाहेर गाडीत फोन बघत बसतात तेव्हा आपण एका वर्गात बसू. ज्याने त्याने आपल्या गावाचं मागच्या वर्षीचं वॉरंट घेऊन यायचं, कलमांचा अर्थ एकमेकांना समजावून द्यायचा. चहा मंडळाचा, माझं त्याबद्दल खजिनदारांशी बोलणं झालंय. नावं बाहेरच्या टेबलावर लिहा आणि नावापुढे आपल्या गावाचं नाव लिहायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!